‘सर’ हा एकच शब्द की अनेक? अर्थ आणि व्युत्पत्ती

मुळाक्षर

शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत ‘अनेकार्थी शब्द’ या सदरात ‘सर’ हमखास असतो. पुढे एका दमात ‘पावसाची सर, मोत्यांची माळ, बरोबरी, सरोवर’ असे अर्थ दिलेले असतात. पण हे एकाच शब्दाचे चार अर्थ आहेत, की योगायोगाने सारखे दिसणारे चार वेगळे शब्द? त्यात ‘गड सर केला’मधला सर, ‘सरकार’, ‘सरपंच’मधला सर, ‘लालसर’मधला सर आणि शाळेतले सर धरले तर गुंता आणखी वाढतो. ‘तीन सरांचा हार’ म्हटलं तर सर कोणते, हेही आधी विचारावं लागतं.

मला विद्यार्थ्यांसाठी शब्दसूची करायची आहे. यात नोंदी किती कराव्या आणि कोणत्या निकषावर? जाणकारांनी सांगावं.

---

रूपसिद्धी

व्युत्पत्ती थोडी बाजूला ठेवा. आधी प्रत्येक ‘सर’ वाक्यात चालवून बघा. लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप या तीन गोष्टी तपासल्या की अर्धं काम होतं.

माळेचा सर पुल्लिंगी आहे: तो सर, ते सर, सराचा, सरांचा. पावसाची सर स्त्रीलिंगी: ती सर, त्या सरी, सरीने, सरींनी. म्हणजे नुसत्या अनेकवचनातच दोघे वेगळे पडतात. ‘मोत्याचे सर तुटले’ आणि ‘पावसाच्या सरी आल्या’ यांत अदलाबदल करून बघा, कानाला लगेच खटकेल.

बरोबरीची सरही स्त्रीलिंगीच, पण तिला अनेकवचन नाही. ‘त्यांच्या सरी आल्या’ याचा अर्थ कुणीही बरोबरी असा करणार नाही. शिवाय ती मोकळी फिरत नाही. तिला ‘येणे’ किंवा ‘असणे’ लागतं आणि वाक्य बहुतेक वेळा नकारार्थी किंवा प्रश्नार्थक असतं: ‘मूळ चालीची सर नव्या चालीला नाही’, ‘तिच्या अक्षराची सर कुणाला येणार?’ इथे नवशिके हमखास घसरतात. जे श्रेष्ठ त्याला ‘ची’ आणि जे कमी पडतं त्याला ‘ला’. उलटं लावलं की कौतुकाचं वाक्य जागच्या जागी टीका होऊन बसतं.

‘गड सर करणे’मधला सर नामासारखा वागतच नाही. किल्ला सर केला, टेकडी सर केली, शिखर सर केलं. क्रियापद किल्ला, टेकडी, शिखर यांच्यामागे जातं. ‘सर’ला ते विचारत नाही. ‘जोराची सर आली’मध्ये मात्र ‘आली’ हे ‘सर’मुळेच. तेव्हा ‘सर करणे’, ‘सर होणे’ ही अख्खी जोडी एक नोंद म्हणून घ्या.

शिक्षक आणि साहेब या अर्थाचा सर कायम आदरार्थी अनेकवचनात असतो: सर आले, सरांनी, सरांना. ‘सराने शिकवलं’ असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे ‘सरांचा हार’ इथे माळेचा सर आणि शाळेतले सर यांची गाठ पडते, आणि श्लेष शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही. संदिग्धता नको असेल तर ‘तीनपदरी हार’ लिहा.

सरोवर या अर्थाचा ‘सर’ नपुंसकलिंगी. तो कवितेबाहेर एकटा भेटत नाही, जोडशब्दांतच राहतो.

---

वेलांटी

इतके तुकडे करायची गरज आहे का? मला तर सगळ्यांच्या मुळाशी ‘सृ’ धातूच दिसतो. सृ म्हणजे जाणे, वाहणे. पाऊस सरसर येतो, मणी दोऱ्यावरून सरकतात, सरोवरात पाणी वाहून येतं, गडावर माणूस पुढे सरतो. आणि सरकार म्हणजे सर + कार, म्हणजे सरळ सरळ संस्कृत. सर हे शिराचं रूप वाटतं.

---

दौतटाक

वेलांटी, ‘सृ’ इतका लवचीक आहे की त्यात काहीही बसवता येतं. अडचण तिथेच आहे. नुसता अर्थ ओढूनताणून जुळवला तर कोणताही शब्द कोणत्याही धातूतून निघतो. ध्वनी नियमाने जुळतात का आणि शब्द कोणत्या कागदपत्रांतून, कोणत्या कामासाठी आला, हे पाहावं लागतं.

सरकार फार्सी आहे. सर म्हणजे डोकं, त्यावरून प्रमुख; कार म्हणजे काम. सरदार, सरहद्द, सरंजाम, सरनौबत, सरलष्कर, सरखेल (कान्होजी आंग्र्यांचा किताब) या सगळ्यांत हाच सर आहे. सरदेशमुखीतही तोच. चौथाई म्हणजे मराठ्यांनी घ्यायचा महसुलाचा पंचवीस टक्के हिस्सा, आणि त्यावर वेगळा दहा टक्के हक्क तो सरदेशमुखीचा. १७१९ च्या मोगल सनदांमध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांसाठी या दोन्हींचा उल्लेख जोडीने येतो. मुळात कारभाराच्या भाषेतला हा सर.

शिर आणि सर यांचं नातं आहे हे मात्र खरं, फक्त ते तुम्ही म्हणता तसं नाही. संस्कृतातून फार्सीत किंवा उलट असा प्रवास झालेला नाही. दोघं एकाच आजोबांची नातवंडं आहेत. संस्कृत तालव्य ‘श’च्या जागी फार्सीत ‘स’ येतो: शत आणि सद, श्वेत आणि सफेद, श्याव आणि सियाह (आपली ‘शाई’ या सियाहीपासूनच), तसंच शिर आणि सर. उलट संस्कृत ‘स’च्या जागी फार्सीत ‘ह’ येतो: सप्त आणि हफ्त (म्हणून हप्ता), सिंधू आणि हिंद. आता या नियमाने बघा. सरोवरातल्या ‘सरस्’चा किंवा ‘सृ’चा फार्सी भाऊबंद असता तर तो ‘ह’ने सुरू झाला असता. म्हणजे सरकारातला सर ‘सृ’चा असूच शकत नाही.

मराठीने या फार्सी सराचं पुढे काय केलं ते जास्त मजेदार आहे. काही शब्दांत तिने त्याला चक्क ‘शिर’ करून टाकलं:

सरपेच – शिरपेच
सरोपा (डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख) – शिरपाव
सरजोर – शिरजोर
सररिश्ता (शब्दशः धाग्याचं टोक, मग दप्तर, वहिवाट) – शिरस्ता, आणि त्यावरून शिरस्तेदार

‘चोर तो चोर वर शिरजोर’ म्हणताना आपण फार्सी शब्दाला संस्कृत पागोटं घालून बोलत असतो. पेच आणि जोर तसेच राहिले, बदललं फक्त डोकं.

उलटा प्रकारही झाला. शिवराज्याभिषेकानंतर तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या सुमारास सरनौबत जाऊन सेनापती आला, हेतू फार्सी शब्द काढण्याचा. पुढे त्याच सेनापतीला ‘सर’ लागून सरसेनापती झाला. सरपंच, सरचिटणीस, सरन्यायाधीश हेही असेच मिश्र. त्यांत चूक काही नाही. ‘सर’ आता मराठीचा जिवंत उपसर्ग आहे आणि तो घरच्या शब्दांनाही लागतो.

एक लेखनातली खबरदारी. हा उपसर्ग जोडूनच लिहायचा. ‘सर न्यायाधीश’ असं तोडलं तर इंग्रजांनी किताब दिलेला न्यायाधीश असा अर्थ होतो. वर्तमानपत्रांत मथळा दोन ओळींत मोडताना हा घोटाळा होतो.

---

मुळाक्षर

हे फार उपयोगी आहे. मग ‘गड सर करणे’ही फार्सीच का? आणि सरासरी, सरबराई, सरबत, सरकस हे कुठले?

---

दौतटाक

हो, ‘सर करणे’ तिथूनच, उर्दूतही तो तसाच आहे. तडीस नेणे, ताब्यात आणणे हा एक अर्थ आणि तोफ किंवा बंदूक उडवणे हा दुसरा. म्हणून जुन्या मजकुरात ‘तोफा सर केल्या’ असं वाचलंत तर शत्रूच्या तोफा जिंकल्या असं भाषांतर करू नका. बहुतेक ठिकाणी त्या डागल्या असाच अर्थ असतो. पुढे शत्रूचं नुकसान सांगितलंय की आपल्या ताब्यात काय आलं ते सांगितलंय, यावरून ठरवा.

सरासरी: फार्सी ‘सरासर’, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकंदर. त्याला ई लागून आपली सरासरी. सरबराई: ‘सरबराह’ म्हणजे व्यवस्था पाहणारा, व्यवस्थेवरून पाहुण्यांची बडदास्त. सरबत आणि सरकस यांत सर नाहीच. सरबत अरबी शर्बत, पिणे या अर्थाच्या धातूचा. शराबही त्याच घरातली. सरकस इंग्रजी.

---

पाटपाणी

शेतातली सरी कुणीच घेतली नाही! सरी-वरंबा पद्धतीत दोन वरंब्यांमधला जो खोलगट पाट असतो ती सरी. पाणी सरीतून जातं. शब्दसूचीत ही नोंद हवीच, कारण पावसाच्या सरीशी तिची गल्लत होते.

फरक अनेकवचनात आहे. पावसाची एक सर, अनेक सरी. शेतातली एक सरी, अनेक सऱ्या. म्हणजे ‘सरी’ हे रूप एका शब्दाचं अनेकवचन आहे आणि दुसऱ्याचं एकवचन. ‘सरीत पाणी साचलं’ म्हणजे नेहमी शेतातलीच. पावसाच्या सरीत माणूस भिजतो, पाणी साचत नाही. गळ्यात घट्ट बसणारा सोन्याचा कडीसारखा दागिनाही सरीच, आणि त्याचंही अनेकवचन सऱ्या. ती मात्र माळेच्या सराची भावंड.

आणि कृपा करून ‘सऱ्या’ लिहा, ‘सर्या’ नको. रफार दिला की उच्चार ‘सूर्या’तल्यासारखा आघाताचा होतो. टंकताना साधा र घेऊन हलन्त आणि य दिला तर यंत्र रफारच काढतं. खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या यांनाही तेच.

---

पोथीवाचक

बरोबरीच्या सरेबद्दल. (हो, ‘सरीबद्दल’ म्हटलं असतं तर पाऊस आला असता. रूपसिद्धींनी सांगितलं तसं या शब्दाला अनेकवचन नाही, आणि धड सामान्यरूपही नाही.)

हिचं मूळ संस्कृत ‘सदृश’. प्राकृतात त्याचं ‘सरिस’ झालं. मधला द गळला आणि ऋ चा रि झाला. हा एकट्या शब्दाचा लाड नाही. ईदृशचं एरिस, कीदृशचं केरिस असं प्राकृतात रांगेने होतं. जुन्या मराठीत ‘सरिसा’, ‘सरिसें’ भेटतो, अर्थ सारखा किंवा बरोबर, सोबत. याचाच जुळा ‘सदृक्ष’, त्याचं प्राकृत ‘सरिक्ख’, मग ‘सारिखा’ आणि आपला रोजचा ‘सारखा’. म्हणजे ‘त्याच्यासारखा’ आणि ‘त्याची सर’ एका घरातले.

‘लालसर’मधला सरही याच घरातला धरणं मला सर्वांत सयुक्तिक वाटतं. काळसर म्हणजे काळ्यासारखा. अर्थ आणि ध्वनी, दोन्ही ओढाताण न करता बसतात. हा प्रत्यय लागताना आकारान्त विशेषणाचा आ जातो: काळा – काळसर, निळा – निळसर, पिवळा – पिवळसर, ओला – ओलसर. तयार झालेलं विशेषण मग विकार घेत नाही: पिवळसर कागद, पिवळसर पानं, पिवळसर भिंत. मात्र सगळ्या रंगांना तो सारखा रूढ नाही. तांबड्याचं तांबूस होतं, पांढऱ्याचं पांढरट किंवा पांढुरकं, हिरव्याचं हिरवट. आणि जिथे दोन्ही चालतात तिथे छटा वेगळी: पिवळसर हे नुसतं वर्णन, पिवळट म्हटलं की त्यात फिकेपणा किंवा नापसंती डोकावते. काळसर आणि काळपट यांतही तेच. विद्यार्थ्यांना प्रत्ययांची यादी देण्यापेक्षा ही छटा शिकवलेली बरी.

आता ‘सृ’. वेलांटींचं सगळंच चुकीचं नाही. सरणे हे क्रियापद नक्की ‘सृ’चं. पुढे सर, बाजूला सर, दिवस सरले, सरतं वर्ष, सरतेशेवटी. ‘गरज सरो, वैद्य मरो’मधला सरो म्हणजे संपो. प्रयोजक सारणे. संस्कृतातून सरळ आलेले परिसर, अवसर, प्रसार, संसार, सरिता याच धातूचे. अग्रेसर म्हणजे अग्रे, पुढे, सरणारा. इथे पहिल्या पदाची सप्तमी समासातही टिकली आहे. बुद्धिपुरस्सर, स्नेहपुरस्सर यांतला सरही हाच, ‘पुरः’ पुढे असल्यामुळे विसर्गाचा स् होऊन जोडाक्षर आलं. म्हणून ‘पुरसर’ असं एका स ने लिहू नये.

सरोवराचा शब्द ‘सरस्’, सकारान्त. संधीत स् चा ओ होतो म्हणून सरोवर, सरोज, सरोरुह. ‘सरसिज’मध्ये पुन्हा अग्रेसरसारखीच सप्तमी टिकली आहे: सरसि, म्हणजे तळ्यात, जन्मलेलं. अमृतसर या गावाच्या नावात हेच सर आहे.

आणि मत्सर, वत्सर, धूसर, केसर यांचे शेवटचे दोन वर्ण तोडून त्यांत ‘सर’ शोधू नये. परीक्षेच्या उत्तरांत ‘मत्सर म्हणजे माझी सर न येणे’ अशा व्युत्पत्त्या पाहायला मिळतात. करमणूक म्हणून ठीक.

---

वेलांटी

मग पावसाची सर आणि मोत्याचा सर? ते तरी एक आहेत की नाहीत?

---

पोथीवाचक

खरा वादाचा भाग हाच.

माळेचा सर संस्कृतात आहे. ‘मणिसर’ हा शब्द जयदेवाच्या गीतगोविंदात येतो, म्हणजे बाराव्या शतकात. अर्थ रत्नांचा किंवा मोत्यांचा पदर. तिथून मराठीपर्यंत अर्थ जवळजवळ हललेला नाही.

पावसाच्या सरीला दोन वाटा सुचवता येतात. एक, ‘सृ’पासून, वाहणारी, धावून जाणारी ती सर. दुसरी, माळेच्या सरावरूनच, थेंबांची ओळ. पहिलीच्या बाजूने असं की सर म्हणजे केवळ पाऊस नव्हे. आली आणि गेली असा तो पाऊस असतो. संततधारेला कुणी सर म्हणत नाही, झडीलाही नाही. सरकून जाणं हा त्या शब्दाचा गाभा आहे. दुसरीच्या बाजूने दिसण्यातलं साम्य आहे, पण मग पुल्लिंगी सराची स्त्रीलिंगी सर का झाली याचं उत्तर द्यावं लागतं. लिंग बदलू शकतं, तरी माझं वजन पहिल्या पारड्यात.

---

काना-मात्रा

इंग्रजी सर राहिला. इंग्रजीत तो ‘सायर’चं आखूड रूप, फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन ‘सिनियर’, म्हणजे वयाने मोठा. फ्रेंच ‘मस्यू’ आणि स्पॅनिश ‘सेन्योर’ त्याच मुळाचे. फार्सी सरशी याचा काही संबंध नाही, दोन्हींतून ‘वरिष्ठ’ असा वास येत असला तरी.

मराठीत याच्या दोन जागा आहेत. किताबाचा सर नावाआधी: सर जमशेटजी जीजीभॉय (१८४२), सर रामकृष्ण भांडारकर (१९११). शिक्षकाचा किंवा वरिष्ठाचा सर नावानंतर: देशपांडे सर. किताबात सर व्यक्तिनावाला लागतो, नुसत्या आडनावाला नाही. म्हणून ‘सर भांडारकर’ हे त्या प्रथेप्रमाणे चूक, ‘सर रामकृष्ण’ बरोबर. नावानंतरचा सर सुटा लिहा, आणि विभक्ती सरला लावा: देशपांडे सरांनी. ‘देशपांडेंनी सर’ असं काही होत नाही.

---

रूपसिद्धी

मुळाक्षर, आता नोंदींचा हिशेब. नाम म्हणून पाच: सर (पु.) माळेचा पदर, सर (स्त्री.) पावसाची, सर (स्त्री.) बरोबरी, सर (न.) सरोवर, सर (पु., आदरार्थी) इंग्रजी. सहावी ‘सर करणे/होणे’. सातवी उपसर्ग ‘सर-’, आठवी प्रत्यय ‘-सर’. सरणे आणि सरी यांना स्वतंत्र जागा द्या. ‘सर!’ हे आज्ञार्थी रूप सरणेखालीच राहू दे. सहावी आणि सातवी यांचं मूळ एकच असलं तरी नोंदी वेगळ्या ठेवा, कारण वापरणाऱ्याला त्या वेगळ्या ठिकाणी लागतात. उरलेल्यांना एका नोंदीत १, २, ३ आकडे घालून कोंबू नका. ते आकडे एकाच शब्दाच्या अर्थच्छटांसाठी असतात. उदाहरणार्थ, सरणेचे ‘बाजूला होणे’ आणि ‘संपणे’ हे १ आणि २.

पडताळा घ्यायचा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. शब्दानंतरचं लिंग आधी वाचा, मग नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात दिलेलं मूळ: सं., प्रा., फा. वगैरे. लिंग आणि मूळ दोन्ही जुळले तरच दोन अर्थ एका नोंदीत घ्या. पावसाच्या सरीच्या नोंदीत मूळ लिहिताना पोथीवाचकांनी दिलेल्या दोन्ही वाटा लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. विद्यार्थ्यांच्या सूचीतही ते चालतं.